सिम्युलेशन लॅब आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा विचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी बॅच आली की विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नुकतेच रुजू झालेले ट्यूटर मला साधारण हेच प्रश्न विचारतात. सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे नकली पेशंटवर खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव करायच्या खोलीत, शिकवताना जे उमगलं, ते या उत्तरांत आहे.

क्लिनिकल रिझनिंग म्हणजे नेमकं काय?

पेशंटकडे पाहून, त्याचं बोलणं ऐकून, हाताशी असलेले आकडे एकमेकांशी जुळवून 'याला काय होत असावं, मला काळजी कशाची वाटते आणि आधी काय करू' हे ठरवणं. टीपीआर चार्टवर (ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीचा तक्ता) नाडी ११८ लिहिली की नोंद पूर्ण होते. सकाळी ८४ होती, मग आता ११८ का, हा प्रश्न मनात आला की विचार सुरू होतो.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये याचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मग मागे वळून पाहणं. ऑस्ट्रेलियात ट्रेसी लेव्हेट-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ टप्प्यांचं चक्र तयार केलं, तेही चांगलं आहे. मी वर्गात टॅनर यांचे चारच वापरते, कारण ऐन गडबडीत मुलांना आठ आठवत नाहीत. आणि बहुतेक मुलं अडतात ती पहिल्याच टप्प्यावर. उपचार त्यांना पाठ असतात, पण समोर जे घडतंय ते दिसलेलंच नसतं.

डमीवर प्रोसिजर तर आम्ही करतोच. मग सिम्युलेशनमध्ये वेगळं काय?

कॅथेटर घालणं, इंजेक्शन देणं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकणं याचा डेमो आणि रिटर्न डेमो (विद्यार्थ्याने तेच करून दाखवणं) म्हणजे हाताचा सराव. तिथे काय करायचं ते आधीच सांगितलेलं असतं. सिम्युलेशनमध्ये ते कुणी सांगत नाही. तुम्हाला पेशंट मिळतो, केस पेपर मिळतो, हँडओव्हर (ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टरने दिलेली पेशंटची माहिती) मिळतो आणि घड्याळ चालू होतं. कॅथेटर घालायचा की नाही हे तुम्हीच ठरवायचं. दोन्ही गोष्टी लागतात. हात बसलेला नसेल तर सगळं लक्ष सुईकडेच राहतं आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहायला सवडच उरत नाही. म्हणून ज्या कामाचा सराव झालेला नाही, ते काम मी सिम्युलेशनमध्ये ठेवत नाही.

एखादं सिम्युलेशन प्रत्यक्षात कसं होतं?

मी वारंवार घेते ते प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं सांगते.

सुरुवातीची दहा मिनिटं नुसती ओळख. खोलीत काय कुठे आहे, मॅनिकिनची (माणसाएवढ्या सरावाच्या डमीची) नाडी कुठे लागते, काय खरं करायचं आणि काय फक्त तोंडाने सांगायचं, हे सगळं मोकळेपणी सांगायचं. मुलांना फसवायचं नाही. ही दहा मिनिटं वाचवायचा मोह नव्या ट्यूटरांना होतो आणि मग मुलं निम्मा वेळ ऑक्सिजनचा नळ शोधण्यात घालवतात.

मग हँडओव्हर. पीएनसी वॉर्ड (बाळंतिणींचा), २३ वर्षांची बाई, दुसरं बाळंतपण, नॉर्मल डिलिव्हरी होऊन दीड तास झालाय. बाळ चांगलं आहे. एक विद्यार्थिनी ड्युटीवरची सिस्टर, दुसरी तिच्या मदतीला, तिसरी पेशंटची आई. पोटावर बांधायचं बाळंतपणाचं मॉडेल असेल तर चौथी मुलगी पेशंट होते. त्या मॉडेलमध्ये गर्भाशय घट्ट किंवा मऊ करता येतं आणि नकली रक्त सोडता येतं.

पेशंट म्हणते, "सिस्टर, गरगरतंय मला. तहान लागलीय." आई लगेच म्हणते, "रात्रभर जागी आहे हो ती, पोटात काही नाही, म्हणून होत असेल." विद्यार्थिनी बीपी घेते: १०४/७०. नाडी ११८. पॅड वरून बघते, फार भरलेलं नाही. चार्ट भरते आणि म्हणते, "बीपी नॉर्मल आहे, चहा-बिस्किट द्या त्यांना." सहाव्या मिनिटाला पेशंट उत्तरं तुटक द्यायला लागते. बीपी ९२/६०. नवव्या मिनिटाला ८०/५०. तेव्हा कुणीतरी चादर उचलतं. रक्त पॅडवर थांबलेलंच नसतं, कमरेखालून पाठीकडे ओघळून गादीवर साचलेलं असतं.

तब्येत चांगली असलेली तरुण बाई बरंच रक्त जाईपर्यंत बीपी धरून ठेवते. रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जोरात धावतं, म्हणून नाडी आधी वाढते आणि वरचं बीपी उशिरा पडतं. नाडीला वरच्या बीपीने भागून पाहायची एक सोपी पद्धत आहे. बाळंतिणीत हे उत्तर ०.९ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. इथे ११८ भागिले १०४ म्हणजे १.१ पेक्षा जास्त. धोक्याची खूण पहिल्याच मिनिटाला चार्टवर लिहिली गेली होती.

पुढे काय करायचं हे मुलांना येतं. मदतीला हाक, पोटावर हात ठेवून गर्भाशय मऊ लागतंय का पाहणं आणि मऊ असेल तर चोळणं, भरलेलं मूत्राशय रिकामं करणं, जाड कॅन्युला, ऑर्डरप्रमाणे गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन, तीन तासांच्या आत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक अॅसिड, भिजलेल्या पॅडचं आणि चादरीचं वजन. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलिटर रक्त. हे सगळं त्या मुलीला पाठ होतं. तिच्या मनात रक्तस्राव हा शब्दच आला नव्हता, एवढंच.

सिम्युलेशन पंधरा मिनिटांचं आणि नंतरची चर्चा पाऊण तासाची, असं का?

कारण शिकणं मुख्यतः त्या चर्चेत होतं. इंग्रजीत तिला डीब्रीफिंग म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळलाय.

वरच्या प्रसंगानंतर एक मुलगी म्हणाली होती, "मॅडम, नाडी मला दिसली होती. पण बीपी चांगलं होतं, म्हणून मी नाडी सोडून दिली." हे वाक्य ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्या जागी तिचा विचार घसरला, ती जागा तिने स्वतः शोधली होती. एक दिलासा देणारा आकडा मिळाला की मन तिथेच बसतं आणि न जुळणारं सगळं बाजूला सारतं. त्यात आईने कारणही आयतं पुरवलं होतं. वॉर्डात अगदी असंच होतं. नातेवाईक प्रेमापोटी खुलासा देतात आणि आपण तो घेतो.

असं वाक्य यायचं तर ट्यूटरचा प्रश्न नीट हवा. "तुला एवढंही सुचलं नाही का?" असं विचारलं की मूल मिटून जातं. "तू नाडी मोजलीस, मग बीपी पाहून थोडी निवांत झालीस असं मला वाटलं. मला जरा काळजी वाटली, कारण नाडी ११८ होती. त्या वेळी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?" असं विचारलं की मूल बोलतं. यात मी काय पाहिलं, मला काय वाटलं आणि तिचं काय म्हणणं आहे, तिन्ही येतात.

नव्या ट्यूटरांना एक विनंती. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता असह्य होते आणि आपण लेक्चर सुरू करतो. माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. मीच बोलायचे आणि मुलं मान डोलवायची.

सगळ्यांसमोर चुकलो तर? याचे मार्क धरतात का?

शिकण्यासाठी घेतलेल्या सिम्युलेशनला मार्क नसावेत असं माझं ठाम मत आहे. परीक्षेसाठी घेतलेलं सिम्युलेशन वेगळं ठेवावं आणि ते परीक्षेचं आहे हे आधी स्पष्ट सांगावं. दोन्हींची सरमिसळ झाली की मुलं विचार मोठ्याने बोलून दाखवायचं थांबवतात, आणि विचार ऐकूच आला नाही तर तो दुरुस्त कसा करणार?

आमच्याकडे मोबाइल बाहेर राहतात, खोलीतलं बोलणं खोलीतच राहतं, आणि कॉरिडॉरमध्ये कुणी कुणाची नक्कल केली तर मी ते खपवून घेत नाही. हे नियम पहिल्या दिवशी मुलांकडूनच वदवून घेते. तरीही भीती राहतेच. काही मुलांचे हात थरथरतात, एखादी रडते. तिला पाणी द्यायचं, बसू द्यायचं आणि चर्चेत शेवटी बोलायची संधी द्यायची. लगेच "काही होत नाही गं" म्हणून विषय बदलू नये. तिला जे झालं ते खरं असतं.

याचा खरंच उपयोग होतो, याला काही पुरावा आहे का?

आहे. अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा नर्सिंग शाळांत मोठा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीप्रमाणे क्लिनिकल पोस्टिंग, दुसऱ्या गटाचे २५ टक्के आणि तिसऱ्याचे ५० टक्के तास सिम्युलेशनमध्ये. अभ्यासक्रम संपताना ज्ञान, क्लिनिकल क्षमता आणि परवाना परीक्षेचा निकाल यांत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष अर्धवट सांगितला जातो, म्हणून पुढचं वाक्य महत्त्वाचं. त्या शाळांत शिक्षकांना सिम्युलेशन घेण्याचं आणि डीब्रीफिंगचं रीतसर प्रशिक्षण दिलेलं होतं, साधनं पुरेशी होती. नुसता मॅनिकिन आणून कोपऱ्यात ठेवला तर हा पुरावा आपल्याला लागू होत नाही. प्लास्टिकच्या आच्छादनाखाली झाकलेले, बॅटरी उतरलेले महागडे मॅनिकिन मी पाहिलेत, आणि दर वेळी मन खट्टू होतं. त्यातल्या निम्म्या पैशांत ट्यूटरांचं प्रशिक्षण झालं असतं.

मग वॉर्डातली पोस्टिंग कमी होणार का?

कमी होऊ नये. वॉर्डातला वास, घाईगर्दी, एका सिस्टरच्या वाट्याला आलेले तीस-चाळीस पेशंट, मावशींशी आणि नातेवाइकांशी कसं बोलायचं, हे लॅबमध्ये शिकता येत नाही. पण वॉर्डात विद्यार्थ्याला बिघडणारा पेशंट हाताळू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तिथे तो भिंतीला टेकून उभा राहतो आणि सीनियर सिस्टर धावतात. कित्येक मुलं कोर्स संपेपर्यंत असा एकही प्रसंग स्वतः निर्णय घेऊन हाताळत नाहीत, आणि नोकरीच्या पहिल्याच नाइट ड्युटीत तो समोर येतो. ही मधली दरी सिम्युलेशन भरून काढतं.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या आठ सत्रांच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशनला जागा दिली आहे. त्यामुळे ट्यूटरने वेळापत्रकात तास मागताना आता संकोच करण्याचं कारण नाही.

आमच्या कॉलेजात महागडा मॅनिकिन नाही. काही करता येईल का?

पुष्कळ काही. मॅनिकिन मुळात बाहुलीच आहे. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेने मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून मोठ्या माणसाएवढी बाहुली करून घेतली, तिचं नाव मिसेस चेस पडलं. सीपीआर शिकायची अॅनी १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेरडाल यांनी आणली, त्यांचाही व्यवसाय खेळण्यांचा होता. माणसालाच पेशंट करून शिकवण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केली. तिला तर बाहुलीही लागत नाही.

विचार शिकवण्यासाठी अभिनय करणारं माणूस मॅनिकिनपेक्षा बरं, असा माझा अनुभव आहे. ते कण्हतं, चिडतं, "दुसऱ्या सिस्टरला बोलवा" म्हणतं. एक खाट, जुना आयव्ही स्टँड, बीपीचं यंत्र, खरा कोरा केस पेपर, आणि आकडे लिहिलेली कार्डं. विद्यार्थिनीने खरोखर मनगट धरून नाडी मोजली, तरच ट्यूटर कार्ड दाखवेल, नाहीतर नाही. खायचा लाल रंग पाण्यात घालून कॉर्नफ्लोअरने दाट केला की रक्त तयार. चादर मात्र जुनी घ्या, डाग जात नाही.

केसेस कुठून निवडता?

जे पेशंट आपल्या रुग्णालयात येतात, त्यांच्यातून. परदेशी संचातली पहिलीच केस आफ्रिकन-अमेरिकन आजोबांच्या हार्ट फेल्युअरची असते. ती वाईट नाही, पण आमच्या मुलांना पावसाळ्यात मण्यार चावलेला शेतमजूर आधी भेटणार आहे.

ती केस मला फार महत्त्वाची वाटते. जुलैची रात्र, जमिनीवर अंथरूण. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, उलटी होते. नातेवाईक सांगतात, "काल रात्रीचं जेवण बाधलं." मण्यारीच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, दाताची खूणही सापडत नाही. मुलं अॅसिडिटीच्या दिशेने जातात. पेशंट बनलेला मुलगा हळूहळू पापण्या मिटू लागतो, बोलणं जड होतं, लाळ गिळता येत नाही. एखादी मुलगी विचारते, "झोपला कुठे होता?" आणि सगळी केस उलगडते.

इथे आणखी एक वळण मी मुद्दाम ठेवते. काचेच्या कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवण्याची चाचणी केली की रक्त नीट गोठतं. मुलं सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ही चाचणी घोणस, फुरसं यांच्या रक्तावर परिणाम करणाऱ्या विषासाठी आहे. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, त्यात रक्त गोठणारच. तेव्हा लक्ष श्वासावर हवं: पेशंट एका दमात कितीपर्यंत मोजू शकतो, मान उचलता येते का, अॅम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सक्शन (घशातली लाळ ओढून काढायचं यंत्र) हाताशी आहे का, प्रतिविष चालू करताना, अॅलर्जी झालीच तर म्हणून, अॅड्रेनालिन भरून ठेवलंय का. एखाद्या चाचणीचं उत्तर चांगलं आलं तरी ती चाचणी कुठल्या प्रश्नासाठी होती, हे विचारायची सवय या केसने लागते.

विचार मराठीत केला तर चालेल का? आमचं सगळं पुस्तकात इंग्रजीत आहे.

चालेल, आणि चर्चेत तर तसाच करा. पेशंट "जीव घाबरा होतोय", "छातीत कसंतरी होतंय", "अंधारी येते", "हातापायाला मुंग्या येतात" असं सांगतो. नोंदीत या सगळ्याचं 'अनइझीनेस' होतं आणि फरक पुसला जातो. "जीव घाबरा होतोय" म्हणणाऱ्या, दरदरून घाम आलेल्या माणसाचा ईसीजी आधी काढायचा असतो. मी मुलांना सांगते, पेशंटचे शब्द आधी जसेच्या तसे लिहा, मग इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेली, वर्गात गप्प असणारी मुलं मराठीत बोलायची मुभा मिळाली की फार बारकाईने विचार मांडतात. त्यांना येत होतं, आम्हीच चुकीच्या भाषेत विचारत होतो.

रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करायची भीती वाटते. त्याचा सराव होतो का?

होतो, आणि तो व्हायलाच हवा. लॅबमध्ये एक ट्यूटर शेजारच्या खोलीत फोनवर झोपेतले डॉक्टर होतात. नुसतं "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये" म्हटलं की "बघतो सकाळी" असं उत्तर येतं. मग एसबार या पद्धतीने पुन्हा फोन: "सर, पीएनसीमधून बोलतेय. डिलिव्हरी होऊन दीड तास झालेल्या बाईंची नाडी ११८, बीपी १०४ बाय ७०, पोट मऊ लागतंय, पाठीखाली रक्त आहे. मला पीपीएच (प्रसूतीनंतरचा रक्तस्राव) वाटतंय. तुम्ही लगेच यायला हवं. येईपर्यंत काय सुरू करू?" परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी विनंती. तिसरा भाग बोलताना मुलांचा आवाज खाली जातो, कारण अंदाज बांधणं हे आपलं काम नाही असं त्यांच्या मनावर ठसलेलं असतं. आम्ही तोच भाग पुन:पुन्हा म्हणवून घेतो.

सिम्युलेशनमध्ये पेशंट दगावतो का?

पहिल्या दोन वर्षांच्या मुलांसमोर मी असं होऊ देत नाही. चुकीमुळे पेशंट मेला, एवढंच त्यांच्या लक्षात राहतं आणि विचाराची चर्चा बाजूला पडते. शेवटच्या वर्षाला मृत्यूचं सिम्युलेशन वेगळं घेते, तेही आधी सांगून. त्यात चूक कुणाचीच नसते. नातेवाइकांना कसं सांगायचं आणि नंतर आपण स्वतः कसं सावरायचं, हा त्याचा विषय असतो.

रिझनिंगचं मूल्यमापन कसं करतात?

कॅथी लासाटर यांनी टॅनर यांच्या चार टप्प्यांवर आधारलेला तक्ता २००७ मध्ये प्रसिद्ध केला, तो बऱ्याच ठिकाणी वापरतात. मी त्यातून दोन-तीनच मुद्दे घेऊन मुलांना स्वतःलाच स्वतःकडे पाहायला लावते. चेकलिस्टमध्ये हात धुतले का, नाव विचारलं का एवढंच उमटतं.

परदेशी परीक्षांसाठी हे कामाला येईल का?

अमेरिकेच्या एनक्लेक्स या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेचं स्वरूप एप्रिल २०२३ मध्ये बदललं. आता त्यात एकाच पेशंटवर सलग सहा प्रश्नांच्या केसेस असतात: खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, आधी काय ते ठरवा, उपाय शोधा, कृती करा, परिणाम तपासा. नुसत्या पाठांतरावर त्या सुटत नाहीत. पण परदेशी जाण्यासाठी म्हणून हे शिकू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, जिथे रात्री तुम्ही आणि एक मामा एवढेच असता, तिथे याची गरज जास्त आहे.

लॅब नसताना, रोजच्या पोस्टिंगमध्ये सराव कसा करू?

हँडओव्हर संपला की चार्ट उघडायच्या आधी पेशंटपाशी जा. अर्धा मिनिट नुसतं पाहा: रंग, श्वास, घाम, बसण्याची ढब, काल बोलत होता तसाच बोलतोय का. मनात नाडी आणि श्वासाचा आकडा ठरवा, मग मोजा. चुकलात तर का चुकलात ते पाहा. ड्युटी संपताना वहीत दोन ओळी लिहा: आज माझ्या पेशंटपैकी सगळ्यात आधी कोण बिघडू शकेल आणि कशामुळे. दुसऱ्या दिवशी येऊन तो कसा आहे ते बघा. त्या वह्या मी शनिवारी वाचते. मार्क देत नाही, समासात प्रश्न लिहून परत करते.